सेंद्रिय अन्नात पोषण जास्त असते का?

प्रश्न : आमच्याकडे वर्षभरापासून भाजीपाला, धान्य आणि दूध सेंद्रिय आणले जाते. खर्च वाढला, त्याचे वाईट वाटत नाही. पण त्या बदल्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे खरोखर जास्त मिळतात का?

उत्तर : जीवनसत्त्वे आणि खनिजे एवढ्यापुरतेच बोलायचे, तर फारशी जास्त मिळत नाहीत. पन्नास वर्षांतील १६२ अभ्यास तपासून त्यांतले समाधानकारक दर्जाचे ५५ निवडणारा एक ब्रिटिश आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. सेंद्रिय पिकांत स्फुरद (फॉस्फरस) थोडे अधिक आणि रासायनिक शेतीच्या पिकांत नत्र (नायट्रोजन) थोडे अधिक, असे काही किरकोळ फरक त्यात आढळले. क जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा लोह यांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

३४३ शोधनिबंधांवर आधारित २०१४ च्या आढाव्यात मात्र सेंद्रिय पिकांत पॉलिफिनॉल गटातील द्रव्ये, म्हणजे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी तयार करतात अशी काही द्रव्ये, बरीच अधिक आढळली. याचे एक कारण पिकाच्या वाढीत आहे. खतातून आयते नत्र मिळाले की रोप भराभर वाढते, पाने मोठी व लुसलुशीत होतात. नत्र बेताने मिळाले की वाढ मंदावते आणि रोप कीड-रोगांपासून बचाव करणारी द्रव्ये अधिक तयार करते. ती द्रव्ये अधिक खाल्ल्याने माणसाची प्रकृती सुधारते, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही, आणि जाहिराती नेमकी हीच पायरी गाळतात.

त्याच आढाव्यात कीटकनाशकांचे अंश रासायनिक शेतीच्या पिकांत चौपट वेळा सापडले आणि सेंद्रिय पिकांत कॅडमियम हा विषारी धातू सरासरी ४८ टक्के कमी होता. सेंद्रिय माल घेण्याचे सबळ कारण मला हेच वाटते, पण तो पोषणाचा मुद्दा नव्हे.

पोषण पाहायचे तर पिकाचा वाण, जमीन आणि ताजेपणा यांनी पडणारा फरक अनेकदा लागवडीच्या पद्धतीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. पालकाची जुडी दोन-तीन दिवस उबदार जागी पडून राहिली, तर तिच्यातील क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नाहीसा होतो, मग ती सेंद्रिय असो वा नसो.

दुधाचे थोडे वेगळे आहे. सेंद्रिय पद्धतीत जनावरे हिरव्या चाऱ्यावर अधिक असल्याने त्यांच्या दुधात ओमेगा-३ मेदाम्ले (फॅटी ॲसिड) सुमारे ५० टक्के जास्त असतात, असे २०१६ च्या एका विश्लेषणात दिसले. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. परंतु दुधात ही मेदाम्ले मुळातच थोडी असल्यामुळे पेल्यामागे पदरात पडते ते अल्पच. उलट त्याच विश्लेषणात सेंद्रिय दुधात आयोडीन कमी आढळले. म्हणून घरात आयोडीनसाठी मुख्य भिस्त दुधावर असेल, विशेषतः कोणी गर्भवती असेल, तर स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.