बीच, शोअर आणि कोस्ट: तिन्हींचा अर्थ ‘किनारा’च, मग फरक काय?

शब्दकोशात तिन्हींपुढे ‘किनारा’च दिलाय, मग कुठला शब्द कधी वापरायचा, असं तुम्ही विचारलंय. मला हा फरक पाहुण्यांनी शिकवला.

गुहागरजवळ आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. जाहिरातीत मी ऐटीत ‘हाउस ऑन द बीच’ लिहिलं होतं. एक कुटुंब आलं. पोरं गाडीतून उतरली तीच बादली-फावडं घेऊन, आणि समोर आमची पोफळीची वाडी! समुद्र दीड किलोमीटर लांब. वडील गप्प राहिले, आईने मात्र मोबाइलवरची जाहिरात माझ्या नाकासमोर धरली.

‘ऑन द बीच’ म्हणजे अंगण संपलं की पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, लागली पाहिजे. ‘ऑन द कोस्ट’ लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं. कोस्ट म्हणजे समुद्रालगतचा सगळा पट्टा, गावं-वाड्यांसकट. म्हणून ‘कोकण कोस्ट’ म्हणतात, ‘कोकण बीच’ नाही. हा शब्द लॅटिनमधल्या बरगडीवरून, कुशीवरून आलाय. देशाची कूस म्हणा ना.

बीच म्हणजे आपली पुळण. गंमत अशी की पूर्वी इंग्रजीत हा शब्द लाटांनी गुळगुळीत झालेल्या गोट्यांसाठी होता. आजही गोट्यांचा किनारा बीच म्हणून चालतो, पण नुसता कातळ नाही. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी फटीतून उसळतं, ती जागा कोस्टवर आहे, शोअरही आहे, पण तिला बीच म्हणू नका.

शोअर म्हणजे पाणी आणि जमीन भेटतात ती कड, वाळू असो की खडक. तळ्यालाही शोअर असतो. कोस्ट फक्त समुद्राला. नदीकाठ असेल तर बँक, पैशांची नव्हे. होडीतल्या माणसाच्या तोंडी शोअर जास्त येतो, कारण त्याला जमीन गाठायची असते: होडीतून उतरून किनाऱ्यावर येणं म्हणजे ‘गो अशोअर’. वाऱ्यांचंही तसंच. समुद्राकडून येणारा खारा वारा तो ऑनशोअर, रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई तो ऑफशोअर.

‘सीसाइड’ हा सुट्टीवाल्यांचा शब्द, ब्रिटनमध्ये जास्त चालतो. जाहिरातीत मी तोही घालून पाहिला होता, बायकोने खोडला. आता सरळ लिहितो: बीचपासून दीड किलोमीटर, चालत वीस मिनिटं.