सेव्हियाहून एका दिवसात काडिझ बघून होईल का?

आई-बाबांना घेऊन दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियात तीन रात्री आहात आणि त्यातला एक दिवस काडिझला द्यावा का, असं विचारलंय तुम्ही. जरूर द्या. फक्त दुपारी चारला परत फिरायचा बेत करू नका.

ट्रेनने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनातून बाहेर पडलं की जुनं शहर समोरच. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि रस्ते सपाट, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही चालत फिरता येतं. फिनिशियन, म्हणजे प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव पश्चिम युरोपातल्या सर्वात जुन्या शहरांत धरतात. स्थानिक माणसं नुसतं 'काई' म्हणतात.

पहिल्यांदा तोर्रे तावीरा, हा जुना टेहळणीचा मनोरा. १७१७ साली अमेरिकेच्या व्यापाराचा कारभार सेव्हियाहून इथे आला आणि व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे चढवले, आपलं जहाज दिसतंय का बघायला. अजून शंभराहून जास्त उरलेत. तावीरावर पायऱ्या आहेत, आई-बाबांना विचारून घ्या. वर अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, म्हणजे भिंग आणि आरशाने बाहेरचं दृश्य आत पाडणारी सोय. पांढऱ्या तबकडीवर आख्खं शहर जिवंत उमटतं. गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडताना दिसली तेव्हा माझ्या शेजारच्या आजी चक्क टाळ्या वाजवायला लागल्या! वेळेचं तिकीट आधी काढा.

तिथून मध्यवर्ती बाजार जवळ आहे. मी मालवणकडचा, त्यामुळे इथे पाय निघेना. 'तोर्तियीता दे कामारोनेस' म्हणजे आपल्या जवळ्याएवढी कोळंबी सालासकट, बेसन आणि गव्हाच्या पिठात कालवून तेलात पातळ पसरलेली. कडा जाळीदार, कुरकुरीत. आणि 'कासोन एन आदोबो' म्हणजे आपली मोरीच (छोटा शार्क मासा), व्हिनेगर, लसूण, जिऱ्यात मुरवून तळलेली. हे दोन्ही खाल्ल्याशिवाय येऊ नका. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या ऑम्लेटवर भागवावं लागेल, तेही अंडं चालत असेल तर. सोमवार मात्र टाळा. मी सोमवारीच गेलो होतो. मासळी जेमतेम आणि प्लाझा दे मीनावरचं संग्रहालय बंद. तिथल्या दोन फिनिशियन शवपेट्या, एक पुरुषाची आणि एक बाईची, माझ्या राहिल्या त्या राहिल्याच.

कॅथेड्रल बाहेरून बघितलंत तरी चालेल. १७२२ ला सुरू होऊन १८३८ ला संपलं, म्हणून दगडाचा रंग खाली वर वेगळा दिसतो.

दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा बाबांना बागेतल्या बाकावर डुलकी काढू दे. संध्याकाळी ला कालेता. दोन किल्ल्यांमधली छोटी पुळण, रंगीत होड्या, तोंड पश्चिमेला, सूर्य थेट अटलांटिकमध्ये बुडतो. फक्त जून-जुलैत तो पावणेदहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा परतीची शेवटची गाडी सकाळीच बघून ठेवा. जमत नसेल तर एक रात्र तिथेच काढा, मी तरी तेच करेन.