डेप्रॉन, बाल्सा मिळत नाही. कोल्हापुरात आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानासाठी काय वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओत दाखवतात ते डेप्रॉन (पातळ, ताठ फोमची शीट), बाल्सा (अगदी हलकं लाकूड), कार्बन रॉड कोल्हापुरात मिळत नाही, मागवलं तर मालापेक्षा कुरिअर महाग आणि शीट मोडून येते, मग इथलं काय चालेल? बरंच काही चालतं. फक्त दुकानात नुसतं मालाचं नाव घेऊन जाऊ नका, सोबत स्वयंपाकघरातला डिजिटल काटा न्या. दुकानदार हसेल, हसू दे.

हिशेब असा. पहिल्या विमानाचा पंख 1 मीटर लांब, 20 सेंमी रुंद धरा आणि बॅटरीसकट सगळं वजन 600 ते 700 ग्रॅममध्ये बसवा. एवढा पंख 6 मिमी डेप्रॉनचा केला तर 40-50 ग्रॅम भरतो. तोच 3 मिमी सनपॅकचा, म्हणजे निवडणुकीच्या बोर्डांना वापरतात त्या पन्हळी प्लॅस्टिकचा, साधारण 100 ग्रॅम. आणि 5 मिमी सनबोर्डचा अर्धा किलो! सनबोर्ड पांढरा, गुळगुळीत, सुरीने सरळ कापला जाणारा असतो, म्हणून नवा माणूस हटकून तोच उचलतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. पॅकिंगचा मऊ, लवचिक फोमही नको, त्याला ताठपणाच नाही.

पंखासाठी माझी पहिली पसंती गच्चीच्या उष्णतारोधक कामाला वापरतात त्या एक्सपीएस (ताठ, घट्ट पॉलिस्टायरीन फोम) बोर्डाच्या तुकड्यांना. डेप्रॉन हा याच जातीचा फोम, फक्त पातळ. असं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे उरलेले तुकडे पडून असतात. ते नाही मिळाले तर थर्माकोल. 2018 च्या बंदीनंतर मखराचा थर्माकोल बाजारातून गेला, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले ठोकळे भंगारवाल्याकडे येतात. दाणा बारीक आणि घट्ट असलेला बघून घ्या. बोटाने दाबल्यावर चुरा होणारा सोडून द्या.

जाड ठोकळ्यातून पंखाचा आकार काढायला गरम तार लागते. इलेक्ट्रिकच्या दुकानात शेगडीची कॉइल मिळते, ती बहुधा निक्रोमची (तापणाऱ्या मिश्रधातूची) असते. 0.4 मिमीच्या आसपासची तार असेल तर साधारण 60 सेंमी सरळ करून लाकडी धनुष्याला ताणा आणि 12 व्होल्टवर चालवा. दोन-सव्वादोन अँपिअर घेते. थेट घरच्या लाइनला जोडायचा विचारही करू नका, मध्ये ट्रान्सफॉर्मर किंवा 12 व्होल्टची बॅटरी हवीच. सुताराकडून सनमायकाचे तुकडे आणून पंखाच्या छेदाचे दोन साचे करा, ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना लावा आणि दोघांनी मिळून तार एकाच वेगाने ओढा. काम उघड्यावर करा, धूर चांगला नसतो.

गोंदाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. फेविक्विक आणि फेविबाँड थर्माकोल खातात, एक्सपीएसही खातात. फेविकॉल फोमला काही करत नाही, पण दोन फोमच्या मध्ये त्यातलं पाणी जायला वाट नसते, म्हणून दुसऱ्या दिवशीही आत ओलाच राहतो. मोटर ज्यावर बसते त्या प्लायवूडच्या तुकड्याला अरल्डाइट, बाकीला ग्लूगन, तीही जरा निवू देऊन. सनपॅकला यातलं काहीच नीट धरत नाही. तिथे चांगली टेप आणि केबल टाय. सनपॅक बॉडीला उत्तम आहे, पन्हळी मात्र विमानाच्या लांबीत ठेवा. मी तो पंखाला वापरत नाही, वजन परवडत नाही.

कार्बन रॉडच्या जागी बांबू, आणि त्याची मला तरी कधी खंत वाटलेली नाही. बुरुड गल्लीत जून, वाळलेला बांबू चिरून मागा. ताकद पाठीकडच्या चिवट भागात असते, पोटाकडचा मऊ भाग तासून टाका. पंखाच्या खालच्या अंगाला खाच पाडून अशी पट्टी बसवा, कारण उडताना ताण खालच्या बाजूला येतो. बाल्साला अगदी जवळचं म्हणाल तर बांधावरच्या घायपाताचा पूर्ण वाळलेला दांडा: साल काढली की आतला गाभा हलका असतो आणि सुरीने कापता येतो. उसाच्या तुऱ्याच्या काड्याही लोक सुचवतात. त्यांच्यात दम नाही.

बाकीचं किरकोळ आहे. कंट्रोल हॉर्नला (हलणाऱ्या भागावरची छोटी पट्टी, जिला ओढणारी तार जोडतात) जुनं एटीएम कार्ड, बिजागरीला टेप किंवा जुनी एक्स-रे फिल्म, पुशरॉडला, म्हणजे त्या ओढणाऱ्या तारेला, सायकलचा स्पोक. स्पोक 2 मिमीचा असतो, लहान सर्व्होला (ती तार हलवणारी छोटी मोटर) जड पडतो, तेव्हा शेपटीपर्यंत बारीक तार न्या. चाकांचा स्टँड हवाच असेल तर शिवाजी उद्यमनगरात स्प्रिंग करणाऱ्याकडून तार वाकवून घ्या. पण शेतात उतरवणार असाल तर चाकं कशाला? हातानेच सोडा.

शेपटीत मात्र काटकसर ग्रॅमने करा. तिथे एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. 20 सेंमी रुंद पंखाचा तोल पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंमीवर आला पाहिजे.

मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो, प्रोपेलर आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी विकतच घ्या, तिचे सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरसकट. जुन्या लॅपटॉपचे सेल मोटरला लागणारा करंट देत नाहीत, फुकटचे वाटले तरी नकोत.

उडवायची जागा ठरवताना उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घ्या. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगी लागते. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. मग ऊस तुटून गेलेलं ओळखीच्या माणसाचं रान शोधा. शेजारचा फड उभा असेल तर विमानात एक छोटा बझर बसवा, नाहीतर पाल्याने हात कापून घेत शोधत बसाल.