फोटोंच्या कामासाठी नवा संगणक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लग्नसराई जवळ आली की छायाचित्रकारांची पत्रे वाढतात आणि त्यांतील बहुतेकांत गोंधळ एकच असतो. हाताशी पैसे मोजके असतात, दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे सांगतो आणि व्हॉट्सॲपवर तिसरेच काही फिरत असते. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आणि इतर भागांचेही भाव स्थिर नाहीत, म्हणून सुट्या भागांच्या किमती मी मुद्दामच लिहिलेल्या नाहीत. त्या दुकानातून लेखी घ्याव्यात.

प्रश्न : दुकानदार बावीस हजारांत ‘आय सेव्हन’ संगणक देत आहे. नवा ‘आय थ्री’ घेतला तरी त्याहून महाग पडतो. मग आय सेव्हनच घ्यावा ना? (बार्शी)

कोणत्या पिढीचा आहे हे कळल्याशिवाय नुसत्या ‘आय सेव्हन’ला काही अर्थ नाही. या भावातले संगणक बहुधा कार्यालयांतून काढून टाकलेले असतात आणि त्यांत अनेकदा २०१२ सालचा आय सेव्हन ३७७० निघतो. २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१०० मध्येही चारच कोअर (आकडेमोड करणारे गाभे) आहेत, तरी फोटोच्या कामात तो या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीबाहेर आहेत आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

लॅपटॉपमध्ये हीच चलाखी नव्या नावाखाली चालते. रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर ७००० मालिकेतला म्हणून नवा वाटतो, परंतु त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो आणि तेथे ‘२’ असणे म्हणजे मूळ रचना २०१९ची असणे. पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून मागा आणि तो एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम पुरेल का? (जालना)

नाही, १६ जीबी घ्या, आणि रॅम बोर्डावरच जोडून टाकलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही, हे खरेदीआधी विचारून घ्या.

प्रश्न : साधे फोटो नीट उघडतात, परंतु अल्बमची पाने करताना फोटोशॉप अडकते. १६ जीबी असूनही असे का होते? (इचलकरंजी)

करिझ्मा (छापील पानांच्या लग्नाच्या) अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) उघडले की ते ३६०० बाय १०८०० पिक्सेलचे होते, म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आठ बिटमध्ये पूर्ण पान व्यापणारा एकच थर (लेयर) सुमारे ११७ एमबी घेतो. तयार पीएसडी (फोटोशॉप फाइलच्या) नक्षीत असे दहा-पंधरा थर असतात, तुम्ही चार-पाच पाने एकदम उघडी ठेवता आणि प्रत्येक पानाचा मागचा इतिहासही फोटोशॉप साठवत असते. रॅम संपली की उरलेला भार डिस्कवर जातो, आणि ती डिस्क फिरती असेल तर काम थांबल्यासारखेच वाटते. आधी एका वेळी एक पान उघडा आणि स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉपची तात्पुरत्या साठवणीची जागा, एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) न्या. तेवढ्याने भागले नाही तरच ३२ जीबीचा विचार करा. त्या वेळी मदरबोर्डवर रॅमची जागा मोकळी आहे का आणि कोणती रॅम चालते, हे दुकानात बोर्ड दाखवून विचारा.

प्रश्न : एकूण ७० हजार रुपये आहेत. स्टुडिओत बसूनच काम करतो. पैशांची वाटणी कशी करावी? (चिपळूण)

बसूनच काम असेल तर लॅपटॉपच्या मागे लागू नका, असेंबल केलेला संगणक घ्या. एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा मॉनिटरसाठी बाजूला काढा आणि दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी त्याला हात लावू नका. उरलेल्या पैशांत अलीकडच्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची) एसएसडी आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बसवावा. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस घेऊ नका, कारण तो बिघडताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटमधले रंगीत दिवे आणि काचेची बाजू यांचा फोटोच्या कामाशी काही संबंध नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये घातला जातो आणि मग पडद्यावर चित्र यावे म्हणून ग्राफिक्स कार्ड घेणे भाग पडते. दोन दुकानांतून प्रत्येक भागाच्या मॉडेल क्रमांकासह लेखी कोटेशन घ्या आणि हे काम रोज करणाऱ्या एखाद्याकडून ते तपासून घ्या.

प्रश्न : संगणकावर फोटो उत्तम दिसतो, परंतु लॅबमधून प्रिंट काळवंडून येते आणि शालूचा लाल रंग भडक व सपाट होतो. दुकानदार म्हणतो, मोठे ग्राफिक्स कार्ड टाका. किती जीबीचे घ्यावे? (कराड)

कोणतेही घेऊ नका. कार्ड वाढवले की रंग सुधारतात ही ऐकीव गोष्ट किती वेळा खोडावी लागते याला सुमार नाही. कार्ड आकडेमोड करते, रंग दाखवण्याचे काम पडद्याचे असते, आणि सत्तर हजारांचा संगणक घेणारा माणूस पडद्यावर मात्र उरलेसुरले पाच हजार टाकतो.

प्रथम काळवंडण्याचे पाहू. नवा मॉनिटर बहुधा पूर्ण किंवा त्याच्या जवळपासच्या तेजावर ठेवलेला असतो, म्हणजे साधारण २५० ते ३०० कँडेला प्रति चौरस मीटर. प्रिंटशी ताडून काम करायचे तर ८० ते १२० पुरेसे होतात. दुप्पट-तिप्पट तेजावर, तेही दिवे मालवलेल्या खोलीत बसून फोटो पाहिला की तो आहे त्याहून उजळ भासतो, आणि तुम्ही त्याला जितके उजळवायला हवे तितके उजळवत नाही. लॅबकडे जाणारी फाइल मुळातच अंधारी असते.

आता लाल रंगाचे. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससी हे १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरलेले माप आहे, तर लॅब, फोन आणि संकेतस्थळे आज सर्वसाधारणपणे ज्या मापावर चालतात ते एसआरजीबी १९९६ साली पुढे आले. एनटीएससीचे ७२ टक्के म्हणजे जवळपास संपूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे त्याच्या साठ टक्क्यांहून किंचित अधिक. उरलेले रंग तो पडदा दाखवूच शकत नाही, आणि आपल्याकडच्या लग्नात नेमके तेच रंग भरलेले असतात: शालूचा लाल, चुड्याचा हिरवा, पैठणीचा मोरपंखी. शालू फिका दिसतो म्हणून तुम्ही सॅच्युरेशनची (रंग गडद करणारी) पट्टी उजवीकडे ओढता, पडद्यावर फारसा फरक दिसत नाही म्हणून आणखी ओढता. फाइलमध्ये मात्र लालचा आकडा केव्हाच २५५ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकलेला असतो आणि जरीच्या काठालगतच्या चुण्या एका सलग लाल पट्ट्यात बुडालेल्या असतात. लॅबने काहीही बिघडवलेले नसते, तुम्ही पाठवले तेच तिने छापलेले असते.

जाहिरातींतल्या युक्त्या येथे सर्वांत जास्त आहेत. ‘एक कोटी सदुसष्ट लाख रंग’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मॉनिटरच्या खोक्यावर असते आणि त्यावरून रंगांची व्याप्ती मुळीच कळत नाही. ‘आयपीएस’ (पडद्याचा एक प्रकार) एवढे वाचूनही निर्धास्त होऊ नका, कारण ४५ टक्क्यांचे पडदेही आयपीएस असू शकतात. आयपीएस आणि ९९ ते १०० टक्के एसआरजीबी हे दोन्ही लेखी हवे. दुकानात काळ्या पार्श्वभूमीवर फुले उमलण्याची चित्रफीत चालू असते, ती पाहून कोणताही पडदा सुंदरच वाटतो. पेन ड्राइव्हवर स्वतःचे दोन फोटो न्या, एक शालूचा आणि एक सावळ्या चेहऱ्याचा सावलीतला, आणि तेच लावून पाहा. मोठा दिसतो म्हणून टीव्हीला मॉनिटर करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

चांगला पडदा आला तरी काम संपत नाही. ‘व्हिव्हिड’सारखी रंग चढवणारी रचना आणि विंडोजमधला नाइट लाइट बंद करा, रंगतापमान ६५०० केल्व्हिनवर ठेवा, तेज उतरवा आणि खोलीत मंद पांढरा दिवा लावा. त्यानंतर कॅलिब्रेटर लावावा. हे पडद्यावर टेकवायचे छोटे यंत्र रंग मोजून प्रोफाइल तयार करते, आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. एकट्याला परवडत नसेल तर गावातल्या चार-पाच छायाचित्रकारांनी मिळून एक घ्यावा. मात्र ४५ टक्क्यांच्या पडद्यावर कॅलिब्रेटर लावून तो १०० टक्क्यांचा होत नाही, तसा दावा कोणी करत असेल तर तेथून परत फिरा.

आणि सर्वांत आधी तुमच्या लॅबच्या ऑपरेटरशी बोला. एकच फाइल त्याच्याकडून रंगदुरुस्ती न करता छापून घ्या, ती एसआरजीबीमध्येच हवी ना हे विचारा, आणि ती प्रिंट पडद्याशेजारी धरून तेज जुळवा. यासाठी एका प्रिंटपुरताच खर्च येतो, आणि तो करण्याआधी नवे काहीही विकत घेऊ नये.

प्रश्न : फोटोंसाठी गेमिंग लॅपटॉप सर्वांत चांगला, असे सगळे सांगतात. खरे आहे का? (नांदेड)

अर्धेच खरे आहे. रंगदुरुस्ती, डाग काढणे आणि अल्बमची मांडणी ही कामे मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतात, त्यांना साधे अंगभूत ग्राफिक्स चालते. लाइटरूममधले एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) मात्र ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते. चांगल्या कार्डावर जो फोटो काही सेकंदांत किंवा अर्ध्या मिनिटात होतो, त्याला कार्डाशिवाय काही मिनिटे लागतात. अंधाऱ्या मंगल कार्यालयातले शेकडो फोटो तुम्ही असे साफ करत असाल तर कार्ड घ्या, आणि शक्यतो ८ जीबीचे घ्या. अन्यथा ते पैसे पडद्यात घाला. स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा अनेकदा वर सांगितलेल्या ४५ टक्क्यांचाच असतो. तुमच्याच कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल दुकानात नेऊन डीनॉइज चालवून पाहा आणि मगच ठरवा.

प्रश्न : मॅक मिनी घ्यावा का? (ठाणे)

१६ जीबीचा असेल आणि चांगल्या मॉनिटरचे पैसे वेगळे राखले असतील तर जरूर घ्या, परंतु त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि अल्बमचे तुमचे सॉफ्टवेअर मॅकवर चालते का हे ते बनवणाऱ्यांना विचारूनच घ्या.

प्रश्न : ऑनलाइन २ टीबीची एसएसडी नऊशे रुपयांत दिसते. घेऊ का? (परभणी)

घेऊ नका, ती २ टीबीची नसते. आत लहानशी चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा दाखवण्याची सोय केलेली असते. जागा भरली की जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या जातात आणि हे कळते ते ग्राहक फोटो मागायला येतो तेव्हा. २५ एमबीची एक रॉ फाइल धरली तर तीन हजार फोटोंच्या एका लग्नाला ७५ जीबी लागतात. चालू काम एसएसडीवर ठेवा आणि उरकलेले काम दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून त्यांतली एक दुसऱ्या जागी, नातेवाइकांकडे किंवा घरी, ठेवा. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षे विजेविना ठेवण्याची वस्तू नाही.

प्रश्न : दुकानदार सर्व सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो म्हणतो. काही हरकत? (सोलापूर)

हरकत आहे. क्रॅक (चोरीचे सॉफ्टवेअर) चालावे म्हणून तो सर्वांत आधी अँटीव्हायरस बंद करतो आणि त्यानंतर त्या संगणकात काय शिरते हे त्यालाही ठाऊक नसते. अशा वाटेने आलेला रॅन्समवेअर एका रात्रीत सर्व लग्ने कुलूपबंद करू शकतो, आणि त्या वेळी दुकानदार फोन उचलत नाही. वर्गणी परवडत नसेल तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप हे अधिकृतरीत्या मोफत आहेत. सवय लागायला काही आठवडे जातील. वर्गणीचा खर्च व्यवसायाच्या हिशेबात कसा दाखवायचा हे तुमच्या करसल्लागाराला विचारा.

प्रश्न : आमच्याकडे वीज वरचेवर जाते. यूपीएस हवाच का? (धाराशिव)

हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉट देतो, त्यावर ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक आणि मॉनिटर फायली जतन करून बंद करण्यापुरता चालतो. कार्ड असेल तर मोठा घ्या. त्याआधी विजेच्या कारागिराकडून अर्थिंग तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून दोन आठवड्यांपासून टकटक आवाज येतो. घरचे म्हणतात, पितृपक्षात खरेदी नको, दसऱ्याला नवा घेऊ. तोवर जुना चालवावा का? (वाई)

नवा संगणक दसऱ्याला घ्या, त्याला माझी ना नाही. जुना मात्र हे वाचताच बंद करा आणि पुन्हा चालू करून ‘बघू, उघडतो का’ असे करू नका. टकटक म्हणजे बहुधा आतला वाचणारा हात जागा शोधत आपटतो आहे, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तबकडीवर ओरखडे वाढण्याचा धोका असतो. डिस्क दुरुस्तीची आज्ञा चालवणे, फॉरमॅट मारणे, फ्रीजमध्ये ठेवणे, झाकण उघडणे यांतले काहीही करू नका. दोन आठवड्यांपासून आवाज येत आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे दोन आठवडे आधीच वाया गेले आहेत. त्या डिस्कवरच्या फोटोंची दुसरी प्रत नसेल तर डिस्क संगणकातून काढून, वर्तमानपत्रात न गुंडाळता स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून, डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. तपासणीचे पैसे किती, माहिती मिळाली नाही तर किती द्यायचे आणि डिस्क परत मिळणार का, हे तीनही मुद्दे डिस्क हातात देण्याआधी लिहून घ्या.