उद्या बंद पडलं तर?

प्रश्न : नौपाड्यात आमचं लहानसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, क्लासच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असतात. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि आमच्या जुन्या मशिनांवर ११ चढत नाही. मुलगी म्हणते, विंडोजऐवजी लिनक्स टाका, लिखाणाला लिब्रेऑफिस आणि डिझाइनला इंकस्केप वापरा, सगळं फुकट आहे. पण फुकटच्या वस्तूला वाली कोण? उद्या बंद पडलं तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, भीती रास्त आहे, फक्त ती भलत्याच गोष्टीची वाटतेय तुम्हाला.

वागळे इस्टेटमधल्या एका प्रेसमध्ये मी मशिनं दुरुस्त करायला जाते. तिथे एक म्हातारा पीसी निव्वळ एका डोंगलपायी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या किल्लीपायी, जिवंत ठेवलाय. मागच्या प्रिंटर पोर्टला ते डोंगल खोचल्याशिवाय मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला, नवं डोंगल मागायचं कुणाकडे? तिथली फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण तेव्हाच्या फॉन्टांत आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असत. आणि हे सॉफ्टवेअर फुकटातलं नव्हतं बरं का, रोख पैसे मोजून घेतलेलं होतं.

आता ओपनऑफिस या अशाच फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचं काय झालं बघा. ते सन या कंपनीकडे होतं. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सनच विकत घेतली. पुढे काय होणार या धास्तीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बरीच मंडळी वेगळी झाली आणि तोच सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, घेऊन त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केलं. ओरॅकलला विचारावं लागलं नाही, परवान्यातच तशी मुभा होती. मालक बदलला, पण लोकांच्या फाइली उघडत राहिल्या.

वाली म्हणाल, तर लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, इंटेल, रेड हॅट, गूगल यांचे पगारी इंजिनिअर काम करतात. त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर चालतो, त्यात दानधर्म काही नाही.

तुमच्या कामाचं म्हणाल, तर ऑफसेटसाठी एकट्या इंकस्केपवर विसंबू नका, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, ते अजून कच्चं आहे. डिझाइन त्यात करा, छपाईची पीडीएफ स्क्रायबस या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढा. कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली इंकस्केपमध्ये उघडतात, पण मजकूर इकडेतिकडे सरकतो, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फाइली आधी तपासून घ्या. फॉन्टची चिंता नको. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे युनिकोड (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेली जागा असलेले) फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, पत्रिकेवर छापायला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. बालू जरा गुबगुबीत आहे, बारशाच्या पत्रिकेला शोभतो, सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीला नाही!

जीएसटीचा हिशेब टॅलीत ठेवत असाल, तर विंडोज ११ चं एक मशिन घ्यावंच लागेल. बाकीच्या मशिनांसाठी लिनक्सची मिंट ही आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरूनच मशिन सुरू करा. तुमच्या प्रिंटरवर एखादी जुनी प्रश्नपत्रिका काढून बघा, ‘द्ध’ आणि ‘ऱ्ह’ नीट उमटतात का ते पाहा. हे सगळं लग्नसराई उरकल्यावर करा, आणि मुलीला शेजारी बसवून.