बागेत एकदम ढीगभर पालेभाजी आलीये, शिजवायची कशी आणि टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की पालक आणि माठ दोन्ही एकदम तयार झालेत, रोज खाऊन संपत नाहीत, मागच्या वेळी धुवून तशीच फ्रीजरमध्ये टाकली तर महिन्याभरात काळपट पडली आणि वाळल्या गवतासारखा वास मारायला लागली, म्हणून आता उकळून काचेच्या बरण्यांत हवाबंद करून ठेवावी का. बरणीचं आधी सांगते कारण तिथे चूक झाली तर नुसती भाजी वाया जात नाही.

बरणीत नका भरू. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्यांचं झोपलेलं रूप, १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवा नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या जागी ते वाढून विष तयार करतात. पालेभाजी मातीला लागूनच वाढते, ती आंबट नसते, आणि झाकण घट्ट लावलेली बरणी म्हणजे त्यांना हवी तशी जागा. बरं, वास किंवा रंग बदलेलच असंही नाही, त्यामुळे उघडून बघून कळत नाही. हे बीजाणू मारायला साधारण १२१ अंशांपर्यंतचं तापमान हवं असतं, ते दाबाखालीच मिळतं, आणि त्यासाठी बरण्या भरायचा खास प्रेशर कॅनर असतो, त्यातसुद्धा अर्ध्या लिटरच्या पालकाच्या बरणीला ७० मिनिटं लागतात. रोजचा स्वयंपाकाचा कुकर त्याच्या जागी चालत नाही, तो लहान असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे कॅनरसाठी तपासून ठरवलेल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. अंदाजाने व्हिनेगर ओतून पण भागत नाही. कोथिंबीर पुदिना तेलात बुडवून बाहेर ठेवतात त्यालाही हेच लागू, तेलाखाली हवा नसते, म्हणून तसं केलंच तर फ्रीजमध्ये ठेवून ४ दिवसांत संपवा नाहीतर सरळ फ्रीझ करा.

आता फ्रीजर. तुमची भाजी काळी का पडली, तर पानात स्वतःचे एन्झाइम, म्हणजे आतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, असतात, पान खुडल्यावरही त्यांचं काम चालू राहतं आणि थंडीने ते फक्त मंदावतं, थांबत नाही. रंग, चव, जीवनसत्त्वं हळूहळू जात राहतात. मी पण पहिल्या वर्षी मेथी आणि पालक कच्चाच पिशव्या भरभरून ठेवला होता, उघडल्यावर जो वास आला तो अजून लक्षात आहे, सगळंच्या सगळं कंपोस्टमध्ये गेलं आणि फार वाईट वाटलं कारण बी पेरण्यापासून सगळं आपल्या हातचं होतं. एन्झाइम बंद पाडायला लागतात उकळत्या पाण्यातली २ मिनिटं, बस. पण ती २ मिनिटं नीट पाळायची.

मी करते ते असं. आधी भाजी निवडून मोठ्या टबात भरपूर पाण्यात बुडवायची, हाताने हलवायची, आणि मग पानं वरच्या वर उचलून घ्यायची. चाळणीत पाण्यासकट ओतलं तर खाली बसलेली सगळी रेती परत पानांवरच येते. टबाच्या तळाला बोट फिरवून बघा, कचकच लागतेय तोवर पाणी बदलायचं, पालकाला माझ्याकडे ३ पाणी लागतातच. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, ४ लिटरला पाव किलोपेक्षा जास्त भाजी एका वेळी टाकू नका, जास्त टाकली की पाणी थंड पडतं आणि भाजी नुसती कोमट पाण्यात भिजत बसते. परत उकळी आली की तिथून वेळ मोजायची, कोवळ्या पानांना २ मिनिटं, जाड जून पानांना ३. झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात, तेही तेवढाच वेळ, नाहीतर आतल्या उष्णतेने ती शिजतच राहते.

मग पिळणं, आणि इथे घाई करू नका. एक मूठभर भाजी घ्यायची आणि दाबायची, आधी हिरवं पाणी धारेने येतं, मग थेंब थेंब, मग तळहातावर नुसती ओल राहते, तिथे थांबायचं. अजून दाबलं तर लगदा होतो. मोठी टोपली भरून पालक असतो ना, त्याचे असे ४-५ लहान गोळे होतात, पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही पण ताज्या पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हे गोळे ताटात सुटे सुटे ठेवून गोठवायचे आणि कडक झाले की एका पिशवीत भरून, हवा काढून, तारीख घालून ठेवायचे. म्हणजे पाहिजे तेवढे २ गोळे काढता येतात, अख्खा दगड फोडायला लागत नाही. उणे १८ अंशांवर ८ ते १२ महिने चव छान राहते. फक्त सॅलडमध्ये वापरायचा विचार करू नका, पाणी गोठताना फुगतं आणि पेशी फुटतात, त्यामुळे सुटल्यावर पान लुळं पडतं, ते सूप डाळ भाजी अशा शिजवायच्या गोष्टींसाठीच.

वाळवायची असेल तर मेथी पुदिना यांना ते जास्त मानवतं, पालकाला मला नाही आवडत. सावलीत, वारा खेळेल अशा जागी एक पदर पसरायची, उन्हात रंग उडतो. मुठीत चुरल्यावर कुरकुर आवाज होऊन भुगा झाला पाहिजे, देठ वाकतोय म्हणजे अजून ओल आहे आणि बुरशी येणार. तुमच्याकडे मोहरीची जाडसर पानं असतील तर मिठात आंबवून पण मस्त लागतात, वजनाच्या २ ते अडीच टक्के मीठ, चोळून सुटलेल्या पाण्याखाली पूर्ण दाबलेली. पान वर डोकावलं की तिथेच बुरशी धरते. माठ मी कधी आंबवला नाही त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

रोज शिजवताना एकच सवय लावा, झाकण ठेवू नका. पानातली आम्लं वाफेबरोबर निघून गेली नाहीत तर ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हटवतात आणि भाजी मळकट खाकी होते. त्यावर काहीजण चिमूटभर सोडा टाकतात, रंग दिसतो हिरवागार पण पान गिळगिळीत होतं आणि क जीवनसत्त्व जातं, माझ्या मते तो सौदा वाईट. लिंबू घालायचं तर गॅस बंद केल्यावर. थोडं तेल मात्र घालाच, के जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन तेलाबरोबरच अंगी लागतं.

आणि हे मनापासून सांगते, पालक आणि माठ दोन्हीत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनायला हातभार लावणारा पदार्थ, भरपूर असतं. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी ऑक्झलेट कमी करायला सांगितलं असेल तर उकडून पाणी फेकून द्या, त्यात बराचसा भाग निघून जातो, तरी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोणी वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ती गोळी, घेत असेल तर बागेत ढीग आलाय म्हणून एकदम ढीगभर खाऊ घालू नका, के जीवनसत्त्व अचानक वाढलं की त्या गोळीचा असर कमी होतो. शिजवलेली उरली तर २ तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि ३-४ दिवसांत संपवायची.

पुढच्या वेळी हा ढीग एकदम येऊ नये म्हणून पालक मुळासकट उपटण्याऐवजी बाहेरची मोठी पानं खुडत राहा, मधला कोंब तसाच ठेवा, परत परत येतो. माठाचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात. दिवस मोठा होऊन ऊन वाढलं की मात्र पालक फुलोऱ्यावर जातो आणि पानं कडवट होतात, तेव्हा मधून दांडा वर यायला लागलेला दिसला की वाट न बघता सगळा काढून फ्रीजरचं काम एका दिवसात उरकून टाका, आणि काढायचा तो सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आधी, तेव्हा पानं पाण्याने भरलेली असतात.