टोकियो मेट्रोचं २४ तासांचं तिकीट यामानोते लाइनवर चालतं का? नाही चाललं तर दंड होतो का?

यामानोतेवर चालत नाही. ती जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची. ओदाइबाला जाणाऱ्या युरिकामोमेवर चालत नाही, रिंकाईवरही नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘तिकिटावर टोकियो मेट्रो छापलंय म्हणजे टोकियोतल्या सगळ्या मेट्रोंमध्ये चालायलाच हवं ना?’ हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहायला बसले.

टोकियो मेट्रो हे एका कंपनीचं नाव आहे. शहराच्या पोटातून १३ लाइन्स धावतात. त्यातल्या नऊ या कंपनीच्या आणि चार तोएईच्या, म्हणजे टोकियो महानगर सरकारच्या वाहतूक खात्याच्या: आसाकुसा, मिता, शिंजुकु आणि ओएदो. तुमचं तिकीट त्या नऊंवर चालतं, या चारांवर नाही. गोची अशी की स्टेशनात लावलेल्या नकाशात तेराही लाइन्स एकत्र, एकाच धाटणीच्या रंगीत वर्तुळांत, एकेका अक्षरासह दाखवलेल्या असतात. वर्तुळात ए, आय, एस किंवा ई असेल तर ती तोएई. एवढं पाठ करा, निम्मं काम झालं.

आता आमचे भाऊजी. माझे थोरले दीर. आयुष्य डोंबिवलीच्या लोकलमध्ये गेलेलं, त्यामुळे रेल्वेतलं आपल्याला कोणी शिकवू नये असं ठाम मत. सासू-सासरे, भाऊजी आणि जाऊबाई असे चौघं आमच्याकडे टोकियोत, निशी-कासाईला आले होते. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून फिरवायचं काम माझ्याकडे. आमचं स्टेशन तोझाई लाइनवर, ती मेट्रोची. म्हणून सगळ्यांना मेट्रोचं २४ तासांचं तिकीट काढलं. तेव्हा ते ६०० येनला होतं.

सकाळी निहोनबाशीला गाडी बदलून गिंझा लाइनने आसाकुसाला गेलो. सेन्सोजी देऊळ झालं, तिथल्या दुकानांतून जाऊबाईंची खरेदी झाली. पुढे स्कायट्री मनोरा, त्यासाठी ओशिआगे स्टेशन. आसाकुसाहून ओशिआगेला तोएईची गाडी दोनच स्टेशनांत पोचवते. तोबू या खासगी रेल्वे कंपनीचीही गाडी आहे. मेट्रोची मात्र सरळ गाडी नाही. मी म्हटलं, हवा छान आहे, पूल ओलांडून चालत जाऊ, वीसेक मिनिटांचा रस्ता आहे. भाऊजी म्हणाले, “अगं, स्टेशन समोर दिसतंय. तिकीट खिशात आहे. आईंना चालवतेस कशाला?” मी सांगितलं की हे स्टेशन दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यावर ते बाबांकडे बघून हसले. आई तर मजेत चालल्या, वाटेत त्यांना सुमिदा नदी आवडली. पण भाऊजींच्या मनात ते राहिलं.

ओशिआगेहून मेट्रोची हानझोमोन लाइन निघते, तिने परत निघालो. जायचं होतं शिंजुकुला. माझा बेत असा की नागाताचोला उतरायचं, आतल्या आत आकासाका-मित्सुकेला चालत जायचं आणि मारुनोउची लाइन पकडायची. सगळं मेट्रोमध्येच. भाऊजींच्या फोनमधल्या नकाशाने सांगितलं की कुदानशिताला तोएई शिंजुकु लाइन पकडा, लवकर पोचाल. नकाशाचं चुकलं नव्हतं, लवकर पोचतात हे खरंच आहे. फक्त तुमच्या खिशात कुठलं तिकीट आहे हे त्याला माहीत नसतं.

आणि कुदानशिता हे फसायला एक नंबर स्टेशन आहे. तिथे हानझोमोनचा आणि तोएई शिंजुकुचा फलाट शेजारी शेजारी आहेत. पूर्वी दोघांच्या मध्ये भिंत होती. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जायला जिने चढा, गेटमधून बाहेर पडा, पुन्हा आत या, अशी कसरत. इनोसे नाओकी, जे आधी टोकियोचे उपराज्यपाल आणि मग राज्यपाल झाले, ते या भिंतीच्या मागेच लागले होते. मेट्रो आणि तोएई एक करावेत हा त्यांचा आग्रह. कंपन्या काही एक झाल्या नाहीत, पण २०१३ च्या मार्चमध्ये भिंत गेली. रोज ये-जा करणाऱ्यांची सोय झाली. मात्र आता दहा पावलं टाकली की कंपनी बदलते आणि मध्ये गेट नसल्यामुळे तुम्हाला कोणी अडवत नाही. अडवतात ते शिंजुकुला, बाहेर पडताना.

मी गाडीतच सांगितलं होतं की इथे उतरू नका. भाऊजी जाऊबाईंना घेऊन उतरले. “तुम्ही या मागून, आम्ही वर थांबतो.”

आम्ही तिघं फिरून शिंजुकुला पोचलो. त्या स्टेशनात जेआर, मेट्रो, तोएई, केइओ, ओदाक्यू अशा पाच जणांचा कारभार चालतो, तिथे माणूस शोधणं म्हणजे काय ते गेलेल्यालाच कळेल. ते दोघं तोएईच्या गेटच्या आतल्या बाजूला, खिडकीपाशी उभे. भाऊजी तिकीट काचेवर ठेवून हिंदीमिश्रित इंग्रजीत बोलत होते आणि आतला माणूस अतिशय नम्रपणे नकाशावरच्या कुदानशितावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होता. कुदानशितापासूनचं तोएईचं भाडं द्या, एवढंच त्याचं म्हणणं. दिलं, गेट उघडलं. दंड नाही, पावतीची कटकट नाही, आवाज चढवणं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. चुकून पुढे गेलात तर गेट बंद होतं, खिडकीवर जायचं, जिथून तिकीट संपलं तिथपासूनचं भाडं भरायचं. मुद्दाम चुकवेगिरी करताना सापडलात तर गोष्ट वेगळी, ते करू नका.

इथे विषय संपायला हवा होता. पण घरी परतल्यावर डोंबिवलीत सगळ्यांना सांगितलं गेलं की जपानमध्ये आम्हाला अर्धं तिकीट विकलं आणि ‘तिला इतकी वर्षं तिथे राहून तिकीट कळत नाही’. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. त्यांचा युक्तिवाद असा: मी डोंबिवलीहून चर्चगेटचं एक तिकीट काढतो, दादरला सेंट्रल सोडून वेस्टर्न पकडतो, कोणी विचारत नाही. अहो भाऊजी, मध्य आणि पश्चिम दोन्ही भारतीय रेल्वेच आहेत. मेट्रो आणि तोएई एका घरच्या नाहीत. पैसे वेगळ्या तिजोरीत जातात. आता तर मुंबईतही मेट्रो वन एकीची, २ए आणि ७ दुसरीच्या, ॲक्वा तिसरीची, असं झालंय. निदान आता तरी कळायला हरकत नाही. असो.

तुमच्यासाठी आणखी एक सापळा, जो भाऊजींच्या नशिबी आला नाही. तोझाई लाइनच्या बऱ्याच गाड्या नाकानोच्या पुढे जेआरच्या रुळांवर मिताकापर्यंत जातात. तुम्ही जागेवरून उठतही नाही, गाडी तीच, डबा तोच, पण नाकानोनंतर तुमचं तिकीट संपलेलं असतं. किचिजोजीला इनोकाशिरा बाग बघायला गेलात तर नाकानोपासूनचं जेआरचं भाडं वेगळं भरावं लागेल. दुसऱ्या टोकाला निशी-फुनाबाशीच्या पुढेही तेच. उलट मेगुरो ते शिरोकाने-ताकानावा एवढ्या तुकड्यात मेट्रोची नाम्बोकु आणि तोएईची मिता एकाच रुळांवरून धावतात, तिथे तुमचं तिकीट दोन्ही गाड्यांत चालतं. तो तुकडा संपला की पुन्हा ज्याचं त्याचं.

मग काय घ्यावं? तुम्ही पर्यटक व्हिसावर येताय, तर पासपोर्ट दाखवून ‘टोकियो सबवे तिकीट’ घ्या. २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं, मेट्रो आणि तोएई दोन्हींच्या तेराही लाइन्सवर चालतं. विमानतळावरही मिळतं. आमच्यासारख्या टोकियोत राहणाऱ्यांना ते विकत नाहीत, पण पाहुण्यांसाठी आहे. आमच्या वेळी मी ते का नाही घेतलं, हा भाऊजींचा पुढचा प्रश्न असतो. कारण त्या दिवसाचा माझा सगळा बेत मेट्रोवर बसत होता, उतरू नका म्हटल्यावर कोणी उतरलं नसतं तर.

खरं सांगायचं तर यामानोतेवर जास्त फिरणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका. सुइका कार्ड घ्या, पैसे भरा आणि कुठल्याही कंपनीच्या गेटवर टेकवा. मेट्रोतून तोएईत गेलात तर दोन भाड्यांच्या बेरजेतून ७० येन कमी होतात, ते आपोआप. दिवसाचं तिकीट वसूल व्हायला चारेक फेऱ्या लागतात, आणि म्हातारी माणसं बरोबर असली की दुपारनंतर कोणी फिरत नाही. फक्त टोकियोच्या २३ वार्डांत जेआरनेच हिंडायचं असेल तर जेआरचं तोकुनाई पास नावाचं वेगळं दिवसाचं तिकीट आहे, पण ते मेट्रोत चालत नाही, हे आता सांगायला नको.

मी सांगितलेला भाव जुना आहे, तिकिटं महाग झालीत, यायच्या आधी ताजे दर बघून घ्या. आणि २४ तास पहिल्या गेटपासून मोजतात, म्हणून दुपारी दोनला सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत वापरता येतं. मेट्रो आणि तोएईचं एकत्रित एक दिवसाचं तिकीट निराळं, ते त्याच दिवशी शेवटच्या गाडीबरोबर संपतं. लहान मुलं असतील तर सहा वर्षांखालची दोघं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात, त्यांच्यासाठी काहीच काढू नका.